मॅकबेथ नेमका कधी बिघडतो?

तिसरी घंटा

मंडळी, एका प्रश्नापाशी अडकले आहे, म्हणून हा धागा.

दादरला एका शाळेच्या वर्गात आमच्या हौशी गटाच्या तालमी चालतात. बाक भिंतीला सरकवायचे, फळ्यावरचं गणित पुसायचं नाही, साडेनऊला किल्ली परत द्यायची. या वर्षी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून पाऊण तासाची एकांकिका बसवतोय. मॅकबेथ करणारा मुलगा २६ वर्षांचा. बीकेसीत नोकरी, घर विरारला. परवा राजाच्या खुनाआधीचं स्वगत म्हणता म्हणता मध्येच थांबला आणि म्हणाला, "ताई, मी नेमका कधी बिघडतो? तेवढं सांगा. म्हणजे त्याआधी मी चांगला माणूस करतो आणि तिथून पुढे वाईट."

मला सांगता येईना. चेटकिणी भेटतात तेव्हा? बायको टोचून बोलते तेव्हा? हवेत खंजीर दिसतो तेव्हा? की प्रत्यक्ष खून करून बाहेर येतो तेव्हा?

महत्त्वाकांक्षेमुळे त्याचा नाश झाला, हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की त्यावर विचारच करत नाही. महत्त्वाकांक्षी तर तो मुलगाही आहे. दिवसभर नोकरी, मग तालीम, मग दादरहून विरार लोकल, रात्री अकरानंतर घर. उगीच करतो का हे सगळं? मराठीत हा शब्द कौतुकाचा आहे, दहावीच्या सत्काराच्या भाषणात हमखास येतो. मग तीच गोष्ट माणसाला बुडवते कुठल्या वळणावर?

फक्त मॅकबेथबद्दलच लिहा असं नाही. राघोबादादा, सुधाकर, घाशीराम, कोणीही चालेल. बघता बघता "आता हा गेला" असं तुम्हाला कधी वाटलं, ते सांगा.

खांबामागून

पहिल्याच भेटीत. चेटकिणी म्हणतात तू राजा होणार आणि मॅकबेथ दचकतो. सोबतचा सेनापती बॅन्को त्याला विचारतोही, इतकी चांगली बातमी ऐकून घाबरलास का? मनात आधीपासून काही नसेल तर माणूस दचकेल कशाला?

चाफेकळी

खांबामागून, मनात येणं आणि करणं यात काहीच फरक नाही का? मग आपण सगळेच केव्हाचे गेलेलो. भविष्य बॅन्कोनंही ऐकलं. त्याची मुलं राजे होणार असं त्यालाही सांगितलं होतं. तो मात्र त्याच जागी सावध होतो. म्हणतो की ही काळोखाची माणसं छोट्या गोष्टी खऱ्या सांगून विश्वास कमावतात आणि मोठ्या गोष्टीत घात करतात. ऐकलं दोघांनीही. एकानं ते डोक्यात ठेवलं, दुसऱ्यानं घरी पत्र लिहिलं.

गिरगावकर

धागा वाचून बरं वाटलं. थोडं मागचं सांगतो.

'मॅकबेथ' मराठीला नवा नाही. 'काळ'कर्ते शि. म. परांजपे यांनी त्याचं 'मानाजीराव' केलं होतं. पुढे शिरवाडकरांचं 'राजमुकुट' १९५४ मध्ये आलं, त्यात नानासाहेब फाटक आणि दुर्गाबाई खोटे. माझ्या वडिलांनी तो प्रयोग पाहिला होता. आम्ही केळेवाडीजवळच राहायचो, त्यामुळे साहित्य संघ म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. वडील त्या प्रयोगाबद्दल फार बोलायचे नाहीत. एक मात्र नेहमी म्हणायचे, की घरी परत येताना त्यांना राजाची नाही, मॅकबेथची दया येत होती आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

मला वाटतं शोकांतिका म्हणतात ती हीच. खलनायक मेला की प्रेक्षक सुटतो. इथे सुटत नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' पुन्हा वाचा. नारायणराव पेशव्याच्या खुनावरचं, १९०९ चं नाटक. त्यावर 'मॅकबेथ'ची छाया आहे हे कोणालाही दिसेल. राघोबा दोलायमान, आनंदीबाई पक्की. तरी खाडिलकरांनी एक गोष्ट आपल्या मातीतली घातली आहे आणि ती म्हणजे रामशास्त्री. मॅकबेथच्या दरबारात तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा कोणी नाही. तिथे सगळे कुजबुजतात, पळून जातात किंवा मरतात. इथे एक न्यायाधीश उभा राहतो, बोलतो आणि निघून जातो. माझ्या मते राघोबा खरा बुडतो तो शास्त्री दालनाबाहेर पडतात तेव्हा. त्याआधी परतीची वाट होती, कितीही अरुंद असली तरी.

साष्टीकर

गिरगावकर काका, राघोबाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आपण 'ध' चा 'मा' झाला, 'काका मला वाचवा' झालं की गोष्ट संपवतो. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, १८ वर्षांचा नारायणराव. नाटक तिथे भरात येतं. पण त्या महत्त्वाकांक्षेचं बिल मुंबईवर फाटलं, हे किती जणांच्या लक्षात आहे?

पेशवाई टिकेना म्हणून राघोबा इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. फौजेच्या बदल्यात त्यानं साष्टी आणि वसई देऊ केली. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी त्याआधीच, डिसेंबर १७७४ मध्ये, घेतला होता. ज्या वसईसाठी चिमाजीअप्पांच्या माणसांनी १७३९ मध्ये जीव दिले, ती त्याच घराण्यातला एक माणूस कागदावर लिहून देत होता. सख्खा पुतण्या चिमाजीअप्पांचा! पुढे सालबाईच्या तहात, १७८२ मध्ये, वसई परत आली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

माहीमची खाडी ओलांडली की साष्टी. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, ठाणं, सगळी साष्टी. मी हे कांदिवलीत बसून लिहितोय. म्हणून मला तो खुनाचा क्षण फारसा मोठा वाटत नाही. खून एका रात्रीत झाला. त्यानंतर तो टिकवायला जे जे विकावं लागलं ते खरं पतन. मॅकबेथचंही तसंच आहे. राजा डंकनला मारून तो थांबू शकत नाही. मग बॅन्को, मग विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराची बायकापोरं.

खांबामागून

साष्टीकर, हे माहीत नव्हतं. रोज मालाडला उतरतो.

जुनी वही

इतिहासावरून आठवलं. खरा मॅकबेथ असा नव्हता. त्यानं डंकनला लढाईत मारलं, १०४० मध्ये, आणि त्यानंतर १७ वर्षं राज्य केलं. डंकनही म्हातारा, प्रेमळ वगैरे नव्हता. शेक्सपिअरनं नाटक लिहिलं तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राजा जेम्स होता आणि आपलं घराणं बॅन्कोपासून आलं असं तो मानत असे. त्यामुळे बॅन्को सज्जन झाला. म्हणजे ज्याला आपण महत्त्वाकांक्षेचा पुतळा म्हणतो तो अर्धा दरबाराच्या सोयीनं घडवलेला आहे.

चाफेकळी

बरोबर आहे, पण रंगमंचावर जो उभा राहतो त्याच्याबद्दलच आपण बोलतोय ना? नाटककारानं डंकनला पाहुणा, म्हातारा आणि भला केला तेव्हा खुनाला एकही सबब उरली नाही. लढाईत मारलं असतं तर आपण पराक्रम म्हटलं असतं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. रात्रीच्या ड्युटीत वाचतेय, म्हणून थोडक्यात.

कॉलेजला असताना लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश वाचला होता, तेव्हा भुताखेतासारखा वाटला. आता वाटत नाही. ती हात धूत राहते, मेणबत्ती जवळ लागते, तेच तेच तुटक बोलते. पदरचं काहीच नसल्यासारखं अगदी खरं लिहिलंय. आणि तो वैद्य! तो म्हणतो हा आजार माझ्या विद्येपलीकडचा आहे, हिला वैद्यापेक्षा देवाची गरज आहे. आणि दासीला बजावतो, हिच्यापासून इजा करून घेण्यासारखी साधनं लांब ठेवा, लक्ष ठेवा. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस वॉर्डातली सूचना देऊन जातो.

खुनाच्या रात्री हीच बाई म्हणाली होती, थोडं पाणी घेतलं की झालं साफ.

बारा डबा

इथे सगळे राजेरजवाडे चाललेत. मला 'ऑथेल्लो'मधला इयागो जवळचा वाटतो, म्हणजे कळतो. त्याची सुरुवात कशानं होते? बढतीनं. ऑथेल्लोनं आपल्याला डावलून कॅसिओला वर घेतलं. अनुभव माझा, खुर्ची त्याला. देवलांच्या 'झुंझारराव'पासून आपण हे नाटक बघतोय आणि दर वेळी रुमालावर रडतो, पण पहिलं पान आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज बोललं जातं.

विंगेतला माणूस

बारा डबा यांचं वाचून लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. लिहितो.

मी एका खाजगी कंपनीत हिशोबाच्या कामाला होतो. नाव महत्त्वाचं नाही. वर्षअखेरीला एक मोठी चूक सापडली. ती माझ्या आणि एका सहकाऱ्याच्या हातून झालेली होती, निम्मी निम्मी म्हणा. साहेबांनी त्याला बोलावलं, त्याच्यावर ठपका ठेवला. मला कोणी विचारलंच नाही. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. फक्त बसून राहिलो. तीन महिन्यांनी जी जागा त्याला मिळायची ती मला मिळाली.

मला ती जागा हवी होती. अनेक वर्षं हवी होती. घराचा हप्ता, मुलीची फी, आणि खरं सांगायचं तर दारावरची पाटी. त्या दिवशी घरी पेढे नेले. बायकोला बढती सांगितली. कशी मिळाली ते सांगितलं नाही. तिनं विचारलंही, "त्यांचं काय झालं रे? तू म्हणायचास ना त्यांचा नंबर आहे?" मी म्हटलं, त्यांनाच नको होती.

आता तुम्ही विचाराल की मी कधी बिघडलो. साहेबांच्या केबिनबाहेर गप्प बसलो तेव्हा मी घाबरलेला होतो, ते मी स्वतःला थोडंफार माफ करू शकतो. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून जे वाक्य बोललो ते नाही करू शकत. तिथे भीती नव्हती. तिथे मी शांत होतो.

पुढे त्या सहकाऱ्याला जाऊन भेटलो, सगळं सांगितलं. तो फार काही बोलला नाही, चहा पाजला. आज हे पहिल्यांदा लिहितोय.

चाफेकळी

विंगेतला माणूस, लिहिलंत हे फार मोठं आहे.

गिरगावकर

नमस्कार करतो तुम्हाला. मनापासून.

तिसरी घंटा

विंगेतला माणूस, मी तुमचं लिखाण तीनदा वाचलं. त्यातून मला संहितेतली एक जागा दिसायला लागली आहे. आज तालमीत बघते आणि मग लिहिते. बाकीच्यांनी थांबू नका.

लालबागचा

सुधाकरबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

'एकच प्याला' हे दारूचं नाटक म्हणून ठेवून दिलंय लोकांनी. आधी ते मानाचं नाटक आहे असं मला वाटतं. सुधाकर हुशार वकील, स्वकष्टानं वर आलेला. वाकायचं कोणापुढे नाही हा त्याचा बाणा. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते आणि ज्या माणसाला आपली हुशारी हाच एक आधार होता त्याचा तो आधार जातो. त्या घटकेला तळीराम पेला पुढे करतो. ती चैन नव्हती, अपमान सोसवेना म्हणून घेतलेलं औषध होतं. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, त्यांनी हे नाटक रंगमंचावर पाहिलं नाही. गंधर्व मंडळींनी ते केलं, बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर.

आता घरचं. आमचे वडील गिरणीत साचे चालवायचे. चाळीच्या गणपतीत दर वर्षी नाटक असे. वडील तळीराम करायचे आणि असा करायचे की शेजारच्या चाळीतली माणसं खास बघायला येत. एक थेंब न घेता दारुड्या कसा उभा करतात याचं सगळ्यांना नवल.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख माणसं घरी बसली. वडिलांना आपल्या हातातल्या कामाचा गर्व होता. आपल्या खात्यात तुटलेला धागा त्यांच्याइतक्या चपळाईनं कोणी जोडत नाही, असं ते सांगायचे, आणि साच्यांच्या त्या गोंगाटात त्यांना नुसत्या कानानं कळायचं कुठला साचा बिघडलाय ते. तो माणूस एका वर्षात रस्त्यावर केळी विकायला बसला आणि तेही जमेना. मग सुरू झाली. पहिल्यांदा कुठे घेतली, कोणी दिली, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कोणीतरी तळीराम भेटला असणार.

८४ साली चाळीत पुन्हा नाटकाचं निघालं. मंडळाची पोरं घरी आली, "काका, तळीराम तुमचाच." वडील म्हणाले, "या वेळी सुधाकर करतो." आईनं आतून बाहेर येऊन सांगितलं, "नाटक नको." एवढंच बोलली. नाटक झालं नाही. ती दोघं त्यावर पुढे कधी बोलली नाहीत.

त्यामुळे महत्त्वाकांक्षा आणि पतन असं कोणी म्हटलं की मी विचारतो, वर जायची वाट कोणी तोडली तेही नाटकात दाखवा. सुधाकरच्या हातून स्वतःचं मूल जातं, ते पाप त्याचंच. पण पहिला अंक विसरायचा नाही.

बारा डबा

माझी आजी परळची. तिच्याकडून असंच ऐकलंय. काही लिहवत नाही.

मोरचूद

लालबागचा यांनी वाट कोणी तोडली म्हटलंय, त्याला जोडून तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मधला घाशीराम.

घाशीराम कनोजचा, परका. पुण्यात येतो पोटासाठी. चोरीचा आळ येतो, बडवला जातो, तुरुंगात पडतो, आणि सुटल्यावर शपथ घेतो की या पुण्यात डुकरांचं राज्य आणीन. पुढचा सौदा सगळ्यांना माहीत आहे. पोरगी नाना फडणवीसाला आणि कोतवाली घाशीरामला. १६ डिसेंबर १९७२ ला पहिला प्रयोग झाला तेव्हापासून या नाटकावर वाद चाललाय, इतिहास खरा की खोटा वगैरे. माझं म्हणणं त्याबद्दल नाही.

माझं म्हणणं असं की घाशीराम मॅकबेथच्या रांगेत बसतच नाही. मॅकबेथला आधीच सगळं होतं, मान, घर, राजाचा विश्वास. त्याला जास्त हवं होतं. घाशीरामला आधी फक्त जागा हवी होती. ती सरळ मार्गानं मिळत नाही हे त्याला मारून मारून शिकवलं गेलं. आणि शेवटी लोक दगड घेऊन येतात तेव्हा त्याच्या मरणाच्या हुकमावर सही करणारा नाना सुरक्षितच राहतो. त्याचं पतन कुठे आहे? त्याच्यासाठी शोकांतिका कोणी लिहायची?

गिरगावकर

असहमत. गौरीला नानाच्या हवाली करताना घाशीरामला कळत होतं. तो तिथे ओरडून सांगतो प्रेक्षकांना की बघा, मी माझी मुलगी देतोय. ज्याला कळतं त्याला सबब नाही. अन्याय झाला हे मान्य, पण त्याची किंमत पोरीनं का द्यावी?

मोरचूद

किंमत तिनं द्यायला नको होती हे मान्य. पण तुम्ही ज्याला कळणं म्हणता ते दोघांचं सारखं नाही. मॅकबेथला दुसरा रस्ता दिसत होता, नुसतं थांबायचं होतं. घाशीरामनं थांबून जायचं कुठे?

गिरगावकर

कनोजला. किंवा मुलीचा हात धरून कुठेही. मी फार जुन्या वळणाचा माणूस असेन, पण यावर हटणार नाही.

जुनी वही

दोघांच्या मध्ये थोडं शिरतो. अॅरिस्टॉटलनं शोकांतिकेच्या नायकाबद्दल जो शब्द वापरला, हमार्तिया, त्याचं भाषांतर आपण स्वभावदोष असं करून टाकलं आणि तिथे घोटाळा झाला. मुळात तो नेम चुकण्याशी जोडलेला शब्द आहे. धनुर्धराचा बाण चुकतो तसा. ईडिपसचा दोष काय? तो सत्य शोधायचं सोडत नाही, हा तर गुण. 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांचा? सगळं मुलांच्या नावावर करून टाकलं. प्रेमानं केलं आणि नेम चुकला. १९७० पासून लोक त्यांच्यासाठी रडतायत, कारण त्यात पाप नाही.

मॅकबेथ या व्याख्येत नीट मावत नाही. त्याचा नेम चुकलेला नाही. त्यानं बघून मारलंय. म्हणूनच तो मला सगळ्यांत अवघड वाटतो.

आणि आपल्याकडच्या जुन्या नाटकाचा एक संदर्भ. संस्कृत नाटकात रंगमंचावर मृत्यू दाखवायचा नाही असा संकेत. भासानं 'ऊरुभंग'मध्ये दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरताना दाखवलं. मांड्या मोडलेल्या, लहान मुलगा मांडीवर बसायला येतो आणि बापाला सांगता येत नाही की आता इथे बसता येणार नाही. आयुष्यभर राज्यासाठी हपापलेला माणूस एका क्षणात नुसता बाप उरतो. वाचताना दर वेळी थांबतो मी तिथे.

चाफेकळी

जुनी वही, तो मांडीचा प्रसंग माहीत नव्हता. आता वाचल्याशिवाय राहवणार नाही.

खांबामागून

थोडं विषयांतर. ही एकांकिका कधी आहे, कुठे आहे? शिवाजी मंदिरला असेल तर मध्यंतरात बटाटावडा माझ्याकडून, सगळ्या धाग्याला.

रात्रपाळी

पाऊण तासाला मध्यंतर नसतं हो. वडा आधी खाऊ.

बारा डबा

'मकबूल' सिनेमा कोणी पाहिलाय का? तोही 'मॅकबेथ'च, मुंबईच्या गुन्हेगारी जगातला. चेटकिणींच्या जागी दोन पोलीस, कुंडली मांडणारे. तिथे राजा म्हणजे टोळीचा म्हातारा, आणि नायकाला गादीइतकीच त्याची बाई हवी असते. मला वाटतं त्यात महत्त्वाकांक्षा थोडी सोपी झाली, कारण प्रेम मध्ये आलं. मूळ नाटकात नवरा-बायकोचं आधीच इतकं जमतं की दोघं मिळून बुडतात.

तिसरी घंटा

आले. काल तालीम झाली, किल्ली द्यायला उशीर झाला, शिपाईकाका रागावले, पण सांगण्यासारखं हाती लागलंय.

विंगेतला माणूस यांनी जे लिहिलं, की खोटं अक्षर बोललो नाही पण घरी कारण सांगितलं नाही, ते डोक्यात घेऊन मी खुनाआधीचा प्रवेश पुन्हा वाचला. स्वगतात मॅकबेथ स्वतःला कारणं सांगतो. राजा माझा नातलग आहे, मी त्याचा चाकर आहे, आणि आज तो माझ्या घरी पाहुणा आहे. मारेकरी आला तर दार मी लावायचं, सुरा मी कसा धरू? शिवाय राजा भला माणूस. सगळं त्याला कळलेलं आहे. मग बायको येते. तो म्हणतो, आपण यापुढे जायचं नाही. ती विचारते का. आणि तो काय सांगतो? राजानं आत्ताच माझा मान केलाय, लोक चांगलं बोलतायत, ही नवी कोरी वस्त्रं थोडे दिवस अंगावर मिरवू दे.

आत्ता स्वतःशी बोललेलं त्यातलं एकही कारण तो तिला देत नाही! पाहुण्याबद्दल एक शब्द नाही. तिला फक्त प्रतिष्ठेचं सांगतो, आणि प्रतिष्ठेचं कारण खोडायला तिला कितीसा वेळ लागणार? तिनं त्याचं पुरुषपण काढलं की संपलं. आपण तिला दोष देतो. पण तिच्यापुढे खरी अडचण कधी आलीच नव्हती. कोण जाणे, पाहुण्याचं ऐकून ती थांबलीही असती. झोपलेला राजा तिला वडिलांसारखा दिसतो म्हणून तिचा स्वतःचा हात उचलत नाही, हे ती स्वतः सांगते.

हे मुलाला दाखवलं. तो बराच वेळ संहितेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी तिच्याशी खोटं बोलत नाही, पण खरं लपवतो." मी म्हटलं, कर.

त्यानं स्वगत प्रेक्षकांकडे बघून केलं, अगदी मोकळं. ती आल्यावर मान खाली घातली आणि नव्या कपड्यांचं वाक्य शर्टाच्या बटणाशी चाळा करत म्हटलं. बाई करणारी मुलगी तिथे आपोआप हसली, थोडं कीव आल्यासारखं. आम्ही ते हसू ठेवलंय.

दुसरा धागा तिथूनच पुढे निघाला. बॅन्कोला मारायच्या वेळी ती विचारते, काय करणार आहेस? तो म्हणतो, तुला माहीत नसलेलंच बरं, लाडके, झालं की कौतुक कर. पहिल्या वेळी अर्धं लपवलं, दुसऱ्या वेळी सगळं. मेजवानीत ती त्याला शेवटचं सावरते आणि नंतर थेट पाचव्या अंकात, झोपेत, एकटी. रात्रपाळी, तुमची सूचना घेतली आहे. दिवा तिच्या हातात राहील आणि वैद्याचं वाक्य कापणार नाही.

साष्टीकर आणि लालबागचा, तुमचं म्हणणं मला पूर्ण उचलता आलेलं नाही. पाऊण तासात ती वाट तोडणारी माणसं येत नाहीत. पण सुधाकरवर पुढच्या वर्षी काही करायचं मनात आहे. लालबागचा, तुम्ही तालमीला याल का?

खांबामागून

मी पहिल्या उत्तरात दचकण्याचं लिहिलं होतं. ते अजूनही ठेवा, पण बिघडायची जागा म्हणून नको. चाफेकळींचं पटलं. मनात येणाऱ्याला दचकायचा हक्क आहे.

विंगेतला माणूस

ताई, शर्टाचं बटण. मी त्या दिवशी पुड्याचा दोरा गुंडाळत होतो.

गिरगावकर

एक विनंती. वेळ कमी पडला की लोक मॅकडफच्या मुलाचा प्रवेश कापतात. कापू नका. ते पोरगं आईशी किती गोड वाद घालतं, बाप देशद्रोही म्हणजे काय विचारतं, आणि मग मारेकरी येतात. डंकनचा खून आपण बघत नाही, तो पडद्याआड होतो. या मुलाचा मात्र समोर होतो. माझ्या वडिलांना जी दया येत होती ना, ती कुठे अडकली असेल तर तिथे.

तिसरी घंटा

काका, तो प्रवेश सहा मिनिटांचा आहे. आज सकाळपर्यंत कापलेला होता. परत घालते. मुलाचं काम करायला कोणाच्या ओळखीत नऊदहा वर्षांचं मूल असेल तर कळवा, दादरला संध्याकाळी येऊ शकणारं.

लालबागचा

माझा नातू आहे, चौथीत. आजोबांच्या चाळीतल्या नाटकाच्या गोष्टी सारख्या विचारतो, पणजोबांचा तळीराम करून दाखव म्हणतो. सोमवारी घेऊन येतो त्याला. मीही बसेन मागच्या बाकावर.